समतोल व्हॉल्व्ह: उच्चदाबाच्या एअरगनसाठी आखणी, घडण आणि जुळवणी

सात मिलिमीटर व्यासाच्या सीटवर, म्हणजे व्हॉल्व्हचं झाकण टेकतं त्या कड्यावर, २०० बार दाब बसला की व्हॉल्व्ह मिटवून धरणारा जोर किती होतो, हे एकदा कागदावर मांडून बघा. २०० बार म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन. सात मिलिमीटरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३८.५ चौ.मिमी. गुणाकार ७७० न्यूटन, म्हणजे साधारण ७८ किलोचं ओझं. एक धडधाकट माणूस त्या इवल्याशा पॉपेटवर, म्हणजे त्या झाकणावर, उभा आहे आणि तुमच्या हॅमरने, म्हणजे चाप ओढल्यावर स्प्रिंगच्या जोराने धावणाऱ्या ठोकळ्याने, त्याला खालून ठोसा देऊन उचलायचं आहे. जड हॅमर, ताठ स्प्रिंग, कॉक करताना (हॅमर मागे ओढून अडकवताना) दुखणारा अंगठा आणि चाप ओढल्यावर हातात जाणवणारा धक्का हे सगळं या एका आकड्यातून येतं.

समतोल व्हॉल्व्ह हा आकडा कमी करतो. कल्पना जुनी आहे. बाष्पइंजिनांच्या काळात मोठे व्हॉल्व्ह हाताच्या दांड्याने उघडता यावेत म्हणून दुहेरी सीटचे व्हॉल्व्ह निघाले, आणि आज पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या श्वासयंत्रातला पहिला टप्पाही बरेचदा याच तत्त्वावर बनतो. एअरगनमध्ये मात्र एक जास्तीची अडचण आहे. इथे व्हॉल्व्ह हलका उघडून भागत नाही, एक-दोन मिलिसेकंदांत तो आपणहून मिटलाही पाहिजे. समतोल साधणारे बरेच जण इथेच आपटतात. मी आपटलो तो मात्र वेगळ्या जागी, ते पुढे येईलच.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो. पहिली, ऊर्जेची कायदेशीर मर्यादा ठिकाणाप्रमाणे बदलते. आपल्याला कोणती लागू आहे ते आधी ठरवा आणि सगळी आखणी तिच्या आत ठेवा. समतोल व्हॉल्व्हचा खरा फायदा ताकद वाढण्यात नाही. तीच ताकद हलक्या हॅमरने, कमी हादऱ्याने आणि एकसारख्या वेगाने मिळते, हा तो फायदा. दुसरी गोष्ट दाबाची. २२ मिमी व्यासाच्या बुचावर २०० बारला ७,६०० न्यूटन, म्हणजे पाऊण टनाहून जास्त जोर असतो. बुचाचे आटे किंवा अडकवणारे स्क्रू हिशेब न करता बदलू नका. लेथवर काम करण्याची सवय नसेल तर हा लेख समजून घेण्यापुरता वाचा आणि घडणीचं काम जाणत्या माणसाकडे द्या.

साधा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा काय होतं

पॉपेट सीटवर बसलेलं असताना मागे पूर्ण दाब आणि पुढे, म्हणजे नळीकडे जाणाऱ्या वाटेत, गळ्यात, शून्य. हॅमरने पॉपेटला जोडलेल्या दांडीवर ठोसा दिला की पॉपेट केसभर सुटतं, हवा गळ्यात घुसते आणि तिथला दाब झपाट्याने चढतो. आता पॉपेटच्या दोन्ही अंगांना जवळपास सारखाच दाब असतो. अपवाद एकच जागा: दांडीचं दुसरं टोक बाहेर, हवेत आहे. म्हणून मिटवणारा जोर आता फक्त दांडीच्या क्षेत्रफळाएवढा उरतो. तीन मिमी दांडी असेल तर ७.०७ गुणिले २०, म्हणजे १४१ न्यूटन.

म्हणजे ७७० न्यूटनचा मार पहिल्या काही शतांश मिलिमीटरपुरता आणि पुढचा सगळा प्रवास १४१ न्यूटनविरुद्ध. हॅमरची बरीचशी ऊर्जा या पहिल्या उंबरठ्यावरच खर्च होते. समतोल व्हॉल्व्हमध्ये आपण हा उंबरठाच तासतो.

वजाबाकी

पॉपेटच्या पाठीला एक छोटा पिस्टन जोडा. हा पिस्टन एका बंद घरात ओ-रिंग घेऊन सरकतो, आणि त्या घरात दाब नसतो. झालं. पिस्टनच्या क्षेत्रफळाएवढी पॉपेटची पाठ आता दाबापासून झाकली गेली. उरलेला जोर म्हणजे दाब गुणिले (सीटचं क्षेत्रफळ वजा पिस्टनचं क्षेत्रफळ).

सात मिमी सीट, सहा मिमी पिस्टन: ३८.५ वजा २८.३, उरले १०.२ चौ.मिमी. गुणिले २०, म्हणजे २०४ न्यूटन. ७७० वरून २०४. हॅमरचं काम चौथाईवर आलं.

मग पिस्टन साडेसहा मिमीचा का नको? कागदावर उरतात १०६ न्यूटन, छानच. पण सीट ही रेघ नसते, तिला रुंदी असते. समजा ती आतून ७.० आणि बाहेरून ७.५ मिमी आहे. पॉपेट नेमकं कोणत्या कडेवर हवा अडवतंय हे तुमच्या हातात नाही. नव्याने बसवलेलं पॉपेट आतल्या कडेवर टेकेल, शंभर छर्ऱ्यांनंतर बाहेरच्या कडेवर. बाहेरची कड धरली तर सीटचं क्षेत्रफळ ४४.२ होतं. साडेसहाच्या पिस्टनसोबत जोर १०६ ते २२० न्यूटनमध्ये कुठेही असू शकतो, म्हणजे दुपटीहून जास्त फरक. सहाच्या पिस्टनसोबत तोच फरक २०४ ते ३१८. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून छोटा आकडा काढायचा म्हटलं की मोठ्या आकड्यांतली बारीकशी चूकही उत्तरात ठळक दिसते. समतोल व्हॉल्व्ह विचित्र वागायला लागला की नव्वद टक्के वेळा मूळ या वजाबाकीत सापडतं.

म्हणून माझा नियम असा: पिस्टनचा व्यास सीटच्या आतल्या व्यासाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास. ९० च्या वर जायचं असेल तर सीट अगदी अरुंद, कडक आणि नेमकी हवी. आणि पिस्टन चुकून सीटपेक्षा मोठा झाला तर व्हॉल्व्ह मिटायचाच नाही. भरतानाच सगळी हवा नळीतून बाहेर.

पोकळीतला दाब सोडायचा कुठे

पिस्टनच्या मागच्या पोकळीत दाब साठू द्यायचा नाही, म्हणजे ती कुठेतरी मोकळी करायला हवी. पहिल्यांदा सुचतं ते थेट बाहेर छिद्र पाडणं. ते करू नका. व्हॉल्व्ह उघडल्यावरचा हिशेब बघा: गळ्यात दाब चढला, पोकळीत मात्र शून्यच. आता मिटवणारा जोर दाब गुणिले (दांडी वजा पिस्टन). ७.१ वजा २८.३ म्हणजे उणे. ऋण चिन्ह म्हणजे हवाच पॉपेटला ४२४ न्यूटनने उघडं धरते. गळ्यातला दाब बराच उतरल्याशिवाय ते परत येणार नाही. एका चापात अर्धी टाकी रिकामी होण्याचं हे प्रकरण आहे.

योग्य वाट म्हणजे पोकळी गळ्याला जोडणं. मिटलेल्या स्थितीत गळ्यात शून्य दाब, म्हणून पोकळीतही शून्य आणि समतोल पूर्ण. उघडल्यावर गळ्यातला दाब बारीक छिद्रातून पोकळीत झिरपतो, पोकळी भरली की पिस्टनची मदत संपते आणि मिटवणारा जोर पुन्हा दांडीएवढा, १४१ न्यूटन, होतो. पॉपेट परत येतं.

मधला काळ सगळ्यात मजेचा. गळ्यात दाब चढलाय पण पोकळी अजून भरलेली नाही, तेवढा वेळ पॉपेटला हवाच मागे ढकलते. हॅमरने फक्त दार ढकलायचं, पुढे वारा ते उघडतो आणि पोकळी भरली की वाराच ते लावून घेतो. दार किती वेळ उघडं राहील हे छिद्र आणि पोकळी ठरवतात.

आखणी, नळीपासून मागे

आखणी नेहमी ट्रान्सफर पोर्टपासून, म्हणजे गळ्यातून हवा नळीत जाते त्या छिद्रापासून, सुरू करा, व्हॉल्व्हपासून नाही. ६.३५ मिमी कॅलिबर धरून उदाहरण देतो.

ट्रान्सफर पोर्ट ५.५ मिमी घेतला, क्षेत्रफळ २३.८ चौ.मिमी. गळ्यातली मोकळी वाट याच्या सव्वापट ठेवली की गळा अडथळा होत नाही: सुमारे ३० चौ.मिमी. त्यात दांडीचे ७ मिळवा, ३७ झाले. म्हणजे गळ्याचा व्यास ६.८, सरळ ७ मिमी घ्या. सीटचा आतला व्यास हाच.

दांडी जितकी बारीक तितका मिटवणारा जोर कमी. अडीच मिमीला ९८ न्यूटन, दोन मिमीला ६३. पण बारीक दांडीचं टोक हॅमरच्या माराने भोपळ्याच्या देठासारखं पसरतं आणि मग ती मार्गदर्शक बुशमधून बाहेरच येत नाही. शिवाय आपल्याला तिच्यातून छिद्र न्यायचंय. तीन मिमी कडक पोलादी दांडी घ्या.

पॉपेट किती उचलायचं? सीटच्या परिघातून वाहणारी वाट म्हणजे परीघ गुणिले उचल. परीघ २२ मिमी. २३.८ चौ.मिमी पोर्टला पुरवायचं तर १.१ मिमी उचल पुरे. १.५ मिमीवर पिस्टनला थांबा द्या. त्यापुढची उचल पोर्टला काहीच देत नाही, पॉपेटला परतीचा प्रवास मात्र लांबतो. थांब्यावर पॉलियुरेथेनची चकती ठेवा, नाहीतर समतोल पॉपेट जोरात मागे आपटून स्वतःचंच बूड फोडतं.

रेग्युलेटर (टाकीतला दाब उतरवून ठरावीक ठेवणारा भाग) आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला प्लेनम, म्हणजे हवा साठवायची जागा: दर जूल ऊर्जेला पाऊण घन सेंटीमीटर हा ठोकताळा बरा चालतो. ४५ जूलला ३३-३४ घ.सेमी.

सीटची रुंदी पाव मिमी. ७.० आत, ७.५ बाहेर. त्या कड्याचं क्षेत्रफळ ५.७ चौ.मिमी येतं. साध्या व्हॉल्व्हमध्ये ७७० न्यूटन त्यावर बसले तर १३५ मेगापास्कल ताण होतो आणि पीक (PEEK) जातीचं कणखर प्लास्टिकही त्याखाली दबतं. समतोलात २०४ न्यूटनला ३६ मेगापास्कल. म्हणजे अरुंद सीट इथे परवडते, आणि वजाबाकी नीट ठेवायला ती हवीच. पॉपेट मी पीकचंच करतो. डेलरिन हे दुसरं प्लास्टिक कापायला सोपं आणि कमी दाबाला ठीक, पण महिनोन्‌महिने दाबाखाली राहिलं की हळूहळू बसतं आणि सीटचा ठसा रुंद होत जातो.

आता पोकळी आणि छिद्र. पोकळीचं आकारमान १०० घन मिलिमीटर, म्हणजे ०.१ घ.सेमी., आणि छिद्र १ मिमी धरलं तर २०० बारला ती भरायला हातच्या हिशेबाने अर्धा ते पाऊण मिलिसेकंद लागतो. छिद्र ०.७ मिमी केलं की क्षेत्रफळ निम्मं, वेळ दुप्पट. पोकळी दुप्पट केली तरी वेळ दुप्पट. हे आकडे ढोबळ आहेत, कारण गळ्यातला दाब स्वतःच चढत-उतरत असतो आणि पिस्टन मागे येताना पोकळी दाबतोही. पण दिशा पक्की आहे. अर्ध्या मीटरच्या नळीतून छर्रा बाहेर पडायला तीन-चार मिलिसेकंद घेतो. तो नळीच्या मध्यावर पोचेपर्यंत व्हॉल्व्ह मिटलेला हवा, त्यानंतर सोडलेली हवा आवाजात जाते.

छिद्र कायमचं पाडून टाकू नका. पिस्टनच्या मागच्या टोकाला एम३ चे आटे पाडा आणि मधोमध ०.६, ०.८, १.० मिमी छिद्रं असलेले छोटे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) जेट म्हणून बनवून ठेवा. आतली वाट मात्र जेटपेक्षा मोठी हवी, म्हणजे नियंत्रण जेटकडेच राहतं. ती पिस्टनमधून आणि पॉपेटच्या डोक्यातून दांडीत १.२ मिमीची न्या आणि डोक्याला लागून आडव्या छिद्राने गळ्यात उघडा. आडवं छिद्र डोक्याजवळच हवं. पुढे सरकलं तर ते बुशमध्ये शिरतं, आणि ठोसा बसणाऱ्या बाजूला दांडी कमजोर होते.

व्हॉल्व्ह स्प्रिंग पोकळीत कोंबू नका, पिस्टनच्या घराभोवती बाहेरून बसवा. बसवलेल्या स्थितीत १५ ते २५ न्यूटन. समतोल व्हॉल्व्हला ही स्प्रिंग साध्यापेक्षा जास्त लागते. पाच बारला दाबाचा मिटवणारा जोर अवघा पाच न्यूटन असतो, भरायला सुरुवात करताना सगळी भिस्त स्प्रिंगवरच.

घडण

सगळ्यात नाजूक काम म्हणजे सीट आणि पिस्टनचं घर एका अक्षात ठेवणं. पॉपेट दांडीच्या बुशमध्ये पुढून आणि घरात मागून असं दोन ठिकाणी धरलेलं असतं. दोन्ही अक्ष पाच शतांश मिमीने जरी सरकले तरी पॉपेट सीटवर तिरकं टेकतं, आणि समतोलामुळे जोर कमी असल्याने तिरकेपणा दाबून सरळ होत नाही. शक्य असेल तर गळा, बुश आणि घराची बैठक एकाच पकडीत कापा, जॉब चकमधून काढूच नका. घर वेगळा तुकडा असेल तर त्याला अक्ष धरणारी घट्ट बैठक द्या. आट्यांवर अक्षाचा भरवसा ठेवायचा नाही.

घराचं भोक ड्रिलवर सोडू नका. ५.८ चं ड्रिल आणि मग ६ मिमीचा रीमर, तेल देत, हळू, परत काढताना उलटा न फिरवता. ओ-रिंग पिस्टनवरच्या खाचेत असते तेव्हा वजाबाकीत घराच्या भोकाचा व्यास धरायचा, पिस्टनचा नव्हे. पिस्टन ५.९ चा असला तरी हवा बघते ती भोकाचे सहा मिमी. ओ-रिंग घराच्या खाचेत बसवली असती तर मग पिस्टनचा व्यास मोजला असता. हा भेद चुकला की सगळा हिशेब चुकतो.

ओ-रिंग ९० शोअर कडकपणाची. दाबली जाण्याचं प्रमाण १० ते १२ टक्के ठेवतो. पुस्तकी प्रमाण याहून जास्त असतं, पण इथे घर्षण म्हणजे थेट हॅमरच्या ऊर्जेतली कपात. पिस्टन आणि भोकातली फट एका अंगाला पाच शतांशाच्या आत, नाहीतर दाब ओ-रिंगला फटीत चावतो.

सीट शेवटी. बाहेरच्या बाजूने ४५ अंशांचा उतार देत पाव मिमी सपाट कडा उरवा, आतली कड किंचित मोडा. भिंगाखाली बघा. कडेवर एक जरी आडवा ओरखडा असेल तर तो पॉपेटमध्ये उमटेल आणि दरवेळी त्याच जागी बसेल याची खात्री नाही, कारण पॉपेट फिरतं. पॉलिश करायचंच असेल तर सपाट ठोकळ्यावर बारीक पॉलिश कागद ठेवून वस्तू फिरवा. बोटाने घासलं की कडा गोल होतात आणि सीटचा व्यास हवेत विरतो.

आडव्या छिद्राच्या कडांवरचा पातळ पत्रा, ज्याला आम्ही बर म्हणतो, तो काढायला विसरू नका. मी विसरलो होतो. पहिला व्हॉल्व्ह जोडला, भरला, दहा छर्रे मारले, वेग झकास. मग कोणाचा तरी फोन आला. दहा-पंधरा मिनिटांनी येऊन चाप ओढला तर नुसतं टक्. हॅमर आपटला, हवा नाही. पुन्हा कॉक, पुन्हा टक्. बंदूक रिकामी केली, परत भरली, लगेच मारली तर पुन्हा झकास. दोन दिवस मी हॅमर स्प्रिंगला दोष देत होतो. शेवटी पॉपेट उजेडाला धरून पाहिलं तर छिद्रातून उजेडच नाही: बरचा तुकडा आत वाकून बसलेला. ओ-रिंगमधून होणारी अत्यंत बारीक गळती, जी एरवी छिद्रातून गुपचूप निघून जाते, ती पोकळीत साठत होती. दहा मिनिटांत पोकळी पूर्ण दाबाला आली की समतोल गायब, आणि हॅमरसमोर पुन्हा ते ७७० न्यूटन उभे. लगेच मारलं की चालते, थांबून मारलं की अडते: हे लक्षण दिसलं की थेट छिद्र तपासा.

जोडणी आणि पहिली भरणी

उच्चदाबाच्या हवेच्या वाटेत खनिज तेल किंवा साधं ग्रीस एक थेंबही नको. एकदम दाबल्या गेलेल्या हवेत ते पेट घेतं. शुद्ध सिलिकॉन ग्रीस, तेही ओ-रिंगवर पुसटसं. कापताना वापरलेलं तेल धुऊन सगळे भाग कोरडे करा.

नवीन किंवा बदललेला दाबाचा भाग आधी पाण्याने तपासा, वापराच्या दाबाच्या दीडपट. पाणी दबत नाही, म्हणून काही फुटलं तर नुसतं पाणी सांडतं. हवेने तपासताना तोच भाग गोळीसारखा सुटतो.

पहिली भरणी हॅमर कॉक करून करा. छर्रा नाही, नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर. कॉक केल्यावर हॅमर दांडीपासून लांब राहतो आणि स्प्रिंगला पॉपेट बसवायला मोकळीक मिळते. तरीही सुरुवातीच्या १०-२० बारला नळीतून सुस्कारा आला तर भरणाऱ्या सिलिंडरची चावी पटकन, पण झटका न देता, उघडून दाब वर न्या. दाब चढला की पॉपेट स्वतःच बसतं. पन्नास बारला थांबा, साबणाचं पाणी लावा, मग शंभर, मग दीडशे. बंदुकीचा कुठलाही भाग दाबाखाली असताना उघडायचा नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो. मीटरवर शून्य दिसतंय म्हणजे प्लेनमही रिकामं आहे असं समजू नका. रेग्युलेटरच्या पुढची हवा वेगळी असते.

जुळवणी

क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र), वही आणि एकाच डब्यातले वजन केलेले छर्रे. एका वेळी एकच गोष्ट बदला, प्रत्येक बदलावर दहा छर्रे.

हॅमरपासून सुरुवात करू. समतोल व्हॉल्व्हला हॅमर हलका हवा, ३० ते ४० ग्रॅम, आणि शेवटच्या एक-दोन मिमीत तो स्प्रिंगपासून सुटून मोकळा धावायला हवा. कारण असं: साध्या व्हॉल्व्हवर हॅमर आपटून परत येतो, स्प्रिंग त्याला पुन्हा ढकलते, तो दुसरा हलका ठोसा ७७० न्यूटनपुढे काही करू शकत नाही. इथे २०४ च आहेत. दुसरा ठोसाही व्हॉल्व्ह उघडतो, तिसराही. छर्रा कधीच गेलेला असतो आणि बंदूक फर्र करून हवा ओकते. तो आवाज ऐकला की दुसरं काही न बघता हॅमरची मोकळी धाव वाढवा.

हॅमर स्प्रिंग अजिबात न दाबलेल्या स्थितीपासून सुरू करून अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने वाढवा. साध्या व्हॉल्व्हवर वेग चढत जातो आणि मग सपाट होतो. समतोल व्हॉल्व्हवर हा चढ कड्यासारखा उभा असतो: या फेऱ्यावर काहीच नाही, पुढच्यावर जवळपास सगळा वेग. कडा सापडला की त्याच्यापुढे एक-दीड फेरा जाऊन थांबा. ओ-रिंगचं घर्षण थंडीत वाढतं, तेवढी शिल्लक हवी. हॅमरने वेग कमी-जास्त करण्याची सवय असलेल्यांना हे आधी पटत नाही. पण इथे हॅमर म्हणजे रेडिओचं चालू-बंदचं बटण. आवाज कमी-जास्त करायचा, म्हणजे इथे वेग बदलायचा, तो खुंटा वेगळा.

तो खुंटा म्हणजे जेट. सगळ्यात मोठ्या जेटने, म्हणजे सगळ्यात कमी उघड्या वेळेने सुरू करा आणि लहान-लहान करत जा. वेग वाढेल, हवेचा खर्चही वाढेल. एका टप्प्यानंतर वेग थांबतो आणि फक्त खर्च वाढतो. त्याच्या आधीचा जेट तुमचा. दोन जेटच्या मधलं काही हवं असेल तर पोकळीत पातळ चकत्या टाकून आकारमान कमी करा, पण चकतीने थांबा पुढे सरकून उचल घटणार नाही हे बघा. वेग अजूनही मर्यादेबाहेर असेल तर रेग्युलेटर उतरवा.

खर्च मोजायची सोपी रीत. ३०० घ.सेमी. टाकीचा दाब दहा छर्ऱ्यांत २० बार उतरला: ०.३ लिटर गुणिले २० म्हणजे सहा लिटर मोकळी हवा, छर्ऱ्याला ०.६ लिटर. १.६४५ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २३५ मीटरने जातोय, ऊर्जा ४५ जूल. भागाकार ७५ जूल प्रति लिटर. ८० च्या आसपास पोचलात तर जुळवणी चांगली समजा. ५० च्या खाली असेल तर व्हॉल्व्ह उशिरा मिटतोय किंवा हॅमर उसळतोय.

अडलं तर

पहिला छर्रा दरवेळी कमी वेगाने आणि पुढचे सारखे: पहिल्यांदा रेग्युलेटरवर शंका घेऊ नका, ओ-रिंग रात्रभरात घराला चिकटते. दाबलं जाण्याचं प्रमाण कमी करा किंवा भोक आणखी गुळगुळीत करा.

नळीतून सतत बारीक गळती: इथे गंमत अशी की सीट गळली तरी हवा नळीतून येते आणि पिस्टनची ओ-रिंग गळली तरी छिद्रातून गळ्यात आणि गळ्यातून नळीतच येते. ओळखायचं कसं? बंदूक रिकामी करून जेटच्या जागी छिद्र नसलेला ग्रब स्क्रू बसवा आणि पुन्हा भरा. गळती थांबली तर ओ-रिंग दोषी, चालूच राहिली तर सीट. हा प्रयोग फक्त गळती बघण्यापुरता. अशा स्थितीत व्हॉल्व्ह जाम अडतो, आणि हवा बंदुकीच्या रिकामी करायच्या स्क्रूमधूनच सोडावी लागते. तो स्क्रू नसेल तर हा प्रयोगच करू नका.

वेग छर्ऱ्यागणिक वर-खाली, काही ठरावीक क्रम नाही: पॉपेट काढून सीटचा ठसा भिंगाखाली बघा. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पुसट असेल तर अक्ष सरकलेत आणि त्यावर जुळवणीने उपाय होत नाही, घर पुन्हा कापावं लागतं. ठसा सगळीकडे सारखा पण पाव मिमीऐवजी अर्धा मिमी दिसत असेल तर सीटची कड गोल झाली आहे.

सगळं जमल्यावर बंदूक पूर्ण दाबाला भरून, हॅमर न ताणता, दोन दिवस तशीच ठेवा. आधी आणि नंतर मीटर वाचताना खोलीचं तापमानही लिहा. दहा अंशांच्या फरकाने २०० बारचा आकडा सहा-सात बारने हलतो, आणि त्याला गळती समजून चांगला बसलेला व्हॉल्व्ह उघडणारे मी पाहिलेत.